शिंप्याच्या कोटातली कॅसेट

मानवजातीचा खरा इतिहास ग्रंथांत नाही, ताम्रपटांत नाही आणि चौकाचौकातल्या पुतळ्यांत तर नाहीच नाही. तो प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत आहे, आणि तोही दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, मागच्या रांगेतून खोकणाऱ्या माणसांनी लिहून ठेवलेला आहे.

"तुमची कवळी घसरतेय," दंतवैद्य म्हणाले. "आधी ती बसवा. मानवजातीकडे मग बघू."

इन्स्पेक्टरांनी कवळी बसवली, पण विधान मागे घेतलं नाही. गेली कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता ते हे विधान करत आणि दर रविवारी त्यात काहीतरी आडवं येई. कधी शिंक, कधी दारावरची बेल. ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्यांच्या त्यांच्या मंडळात पूर्वी सहाजण होते. आता हे दोघंच नेमाने यायचे, त्यातले एक तर घरातच राहायचे.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. चौतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. दोर, ब्रेक, दारांची कुलपं सगळेच बघतात, हे मात्र वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन डोळे मिटून पाच मिनिटं नुसते उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "डावीकडचं बेअरिंग सुकलंय." उघडून बघावं तर ते सुकलेलंच असायचं. सगळं ठाकठीक असलं की एक शिक्का मारायचे: 'वापरास योग्य'. ही त्यांची या जगातली सर्वोच्च दाद होती. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हाही त्यांनी हीच दाद दिली, आणि पुढचे तीन दिवस त्या घरातलं जेवण वापरास योग्य नव्हतं.

असा हा माणूस तरुणपणी एका रॉक बँडच्या नादी लागला. चौघांचा बँड, म्हणून मंडळात नाव पडलं 'चौकडी'. एक गाणारा, दोन गिटारवाले आणि एक ड्रमवाला. इन्स्पेक्टरांकडे चौकडीच्या तीनशे बारा कॅसेटी होत्या आणि त्यातली एकही दुकानातून आणलेली नव्हती. सगळ्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत, कुणीतरी प्रेक्षकांत बसून, चोरून उतरवलेल्या.

"स्टुडिओतलं गाणं म्हणजे फोटोसाठी बसवलेलं कुटुंब," ते म्हणायचे. "सगळ्यांचे केस विंचरलेले, सगळे एकमेकांवर प्रेम करणारे. खरं घर बघायचंय? मग न सांगता जा."

न सांगता गेल्यावर काय दिसतं, ते त्यांना तारीखवार पाठ होतं. एका गावी दुसऱ्याच गाण्यात वीज गेली आणि ड्रमवाल्याने अंधारात एकट्याने अकरा मिनिटं वाजवलं. दिवे आले तेव्हा बाकीचे तिघं त्याच्याभोवती जमिनीवर मांडी घालून बसलेले होते, हे टाळ्यांआधी फुटलेल्या हशावरून कळतं. एकदा गाणारा दुसरं कडवं विसरला. चार सेकंद नुसतं वाद्य. मग मागून कुणा बाईने ती ओळ एकटीने म्हटली, आणि तिच्यामागे सगळ्या सभागृहाने. इन्स्पेक्टर ही जागा आली की डोळे मिटायचे आणि दंतवैद्य खिडकीबाहेर बघायचे. दोघंही दरवेळी चष्मा पुसायचे, आणि दोष धुळीला द्यायचे.

मंडळाचे काही रिवाज होते. मूळ कॅसेट ती आई. तिच्यावरून उतरवली ती मुलगी, मुलीवरून नात, नातीवरून पणती. पणतीत ड्रम ऐकले की शेजारी कुणी धुणं आपटतंय असं वाटायचं. पण दुधाची तहान ताकावर भागवणारेही असतातच. इन्स्पेक्टर ऑफिसातून फोनवर बोलायचे, "आई ठणठणीत आहे हो, मुलीलाच जरा सर्दी झाल्यासारखी वाटते," आणि शेजारच्या टेबलावरचे कारकून हळहळायचे.

दुसरा रिवाज जास्त कडक. जो उतरवतोय त्याच्या आसपास मंडळातल्या माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, खोकला आला तर गिळायचा. कारण माइक जवळचं आधी ऐकतो.

उतरवण्यात मंडळातला शिंपी सगळ्यांचा बाप. त्याने स्वतःसाठी एक कोट शिवला होता. दोन्ही खांद्यांच्या भरावात एकेक माइक, अस्तरातून गेलेली वायर आणि कमरेला यंत्र. कार्यक्रमभर हा माणूस गज गिळल्यासारखा ताठ बसायचा. त्याच्या कॅसेटी ओळखायची खूण म्हणजे अधूनमधून येणारी कापडाची बारीक सळसळ.

आता मुद्द्याची गोष्ट.

एकतीस वर्षांच्या संसारात इन्स्पेक्टरांची बायको चौकडीच्या कार्यक्रमाला एकदाच आली. का आली ते तिने सांगितलं नाही. "माझी ती सवत बघून तर येऊ," एवढंच म्हणाली. सभागृह आठशेचं, खचाखच भरलेलं. आणि कर्मधर्मसंयोग असा, की बसल्यावर इन्स्पेक्टरांनी समोर पाहिलं तर हातभर अंतरावर ओळखीचा कोट. शिंप्याचा डावा खांदा थेट बायकोच्या तोंडासमोर.

आता सांगावं तर ती हसत सुटणार. न सांगावं तर बोलत सुटणार. इन्स्पेक्टरांनी न सांगण्याचं ठरवलं आणि स्वतःपुरते ओठ मिटून घेतले. ती बोलत राहिली, हे मानेने हो-नाही करत राहिले.

शेवटचं गाणं सतरा मिनिटांचं होतं. त्यात ड्रमवाला एकटा वाजवू लागला तेव्हा तिने वळून, यांच्या कानाशी येऊन काहीतरी विचारलं. ड्रमच्या दणदणाटात एक अक्षर कळलं नाही. 'काय?' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण समोर माइक होता. इन्स्पेक्टरांनी मान हलवली. हो.

ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने त्यांचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. तिचा असा हात धरण्याचा स्वभाव नव्हता.

चार महिन्यांनी ती गेली. डॉक्टरांना आजाराचं नाव सापडेपर्यंत आजार तिला घेऊन निघालासुद्धा होता. शेवटच्या आठवड्यात इन्स्पेक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणालीस गं? मला ऐकूच आलं नव्हतं."

"हो म्हणालात ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दुसऱ्यांच्या इमारतीतल्या दोराचा एक धागा तुटला तर ज्याला ऐकू यायचं, त्या माणसाने स्वतःच्या बायकोला न ऐकता कबुली दिली होती. कशाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कॅसेट असती तर कळलं असतं. पण शिंपी तेव्हाच म्हणाला होता, टेप अडकली, काही उतरलं नाही.

आणि गेल्या महिन्यात शिंप्याने दुकान बंद केलं. मुलाकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी तो इन्स्पेक्टरांकडे आला. हातात अस्तराच्या कापडात गुंडाळलेली एक कॅसेट.

"टेप अडकली नव्हती," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरांनी कॅसेट हातात घेतली.

"वहिनी बोलल्यात त्यात. प्रत्येक गाण्यात. मंडळात वाजवली असती तर हसं झालं असतं तुमचं. तुम्ही मागे कसे बसला होतात, मला माहीत होतं ना. शिंपी मी, पण ओठ शिवून बसलात तुम्ही."

"मग ती गेल्यावर तरी द्यायचीत."

शिंप्याने कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "दोनदा वाजवली मी. पहिल्यांदा काही नाही वाटलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तुमचे कान चांगले आहेत," शिंपी म्हणाला. "तुम्हीच बघा."

चहासुद्धा न घेता तो गेला.

रविवारी चार वाजता दंतवैद्यांच्या साक्षीने कॅसेट लागली. इन्स्पेक्टर तपासणीला बसावं तसे वही-पेन्सिल घेऊन बसले. टेप किती पुढे गेली ते दाखवणाऱ्या डेकवरच्या काउंटरचा आकडा आणि पुढे टीप, अशी त्यांची जुनी पद्धत.

०३१: "हे पुढचे गृहस्थ असे का बसलेत हो? पाठ धरलीय का त्यांची?"

दंतवैद्यांना हसू फुटलं. इन्स्पेक्टरांच्या हातातली पेन्सिल थांबली. एकोणीस वर्षांनी तो आवाज खोलीत आला होता आणि आल्या आल्या माणसांना नावं ठेवत होता.

०९०: "हा ड्रमवाला कुणाचा राग काढतोय?"

१४६: "तुम्ही काहीच का बोलत नाही? रागावलात?"

मग दुसरी बाजू. सतरा मिनिटांचं गाणं, एकट्या ड्रमचा भाग, आणि २१२ वर अगदी जवळून, "अहो, एक विचारू?" पुढे नुसता दणदणाट. टेप मागे घेऊन चारदा ती जागा लावली. चारही वेळा तेवढंच.

"मोठी धूळ आहे हो तुमच्या घरात," दंतवैद्य चष्मा पुसत म्हणाले.

सोमवारी सकाळी इन्स्पेक्टरांनी कॅसेट एकट्याने, हेडफोन लावून, पहिल्यापासून ऐकली. आणि पहिल्या गाण्यानंतर त्यांनी भुवया वर केल्या.

टाळ्यांचं त्यांचं एक गणित होतं. पाचशेच्या वर माणसं असली तर हात वेगळे ऐकू येत नाहीत, एकच लाट येते. तीनशेच्या खाली हात सुटे होतात. पन्नासच्या खाली तर कुणाच्या बोटात अंगठी आहे तेही कळतं. काल आठशेची लाट होती. आज हात सुटे होते.

टेप जुनी होते, तिच्यावरची भुकटी झडते, आवाज मरतो. यात नवल नाही. त्यांनी डेकचा हेड उघडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोळा थोडा तपकिरी झाला. बरं वाटलं. पण भुकटी झडली तर सगळंच मंद व्हायला हवं. गाणाऱ्याचा आवाज होता तसाच होता. डावीकडचा खोकणारा खोकत होता. फक्त माणसं कमी होती.

आणि १६० वर बायको म्हणाली, "लोक उठायला लागले हो."

इन्स्पेक्टरांनी कालची वही पाहिली. १६० वर काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या तपासणीत एखादी गोष्ट सुटते, म्हणूनच दुसरी करायची असते, असं त्यांनी स्वतःला बजावलं. २१२ ला ड्रम आले. जरा दुरून आल्यासारखे. त्यांच्यावरून तिचा आवाज एक पाऊल पुढे सरकला: "अहो, एक विचारू? पुढच्या वेळी..." आणि बुडाला.

मंगळवारी त्यांनी दंतवैद्यांना जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. काही सांगितलं नाही. साक्षीदाराला आधी पढवायचं नसतं. कॅसेट लावली आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले.

तिसरं गाणं संपलं. दंतवैद्यांनी कप खाली ठेवला.

"किती माणसं होती म्हणालात त्या दिवशी?"

"आठशे. दारातसुद्धा उभी होती."

"मग ही कोण टाळ्या वाजवतायत? दोन-अडीच डझन असतील फार तर. परवा असं नव्हतं."

"अंगठी ऐकू आली?"

"आली," दंतवैद्य म्हणाले, आणि आपल्याला हे कसं कळलं म्हणून स्वतःच दचकले.

२१२ ला दोघंही श्वास रोखून होते. "अहो, एक विचारू? पुढच्या वेळी मी..." ड्रम.

दंतवैद्य उठले. त्यांचा दवाखाना तीनला उघडायचा आणि आत्ता सव्वा वाजला होता. "एक सांगू? टेप तुमच्या लेकीला देऊन टाका. आणि तोवर लावू नका."

"प्रत्येक वेळी एक-दोन शब्द पुढे जातेय ती."

"हो," दंतवैद्य पायात चप्पल अडकवत म्हणाले. "आणि बाकीचे बाहेर जातायत. माझं गणित तुमच्याइतकं पक्कं नाही, पण हिशेब कुठे चाललाय ते दिसतंय."

पुढच्या रविवारी आपल्याला यायला जमणार नाही, असं ते दारातूनच म्हणाले. इतक्या वर्षांत ते असं पहिल्यांदाच म्हणाले.

इन्स्पेक्टरांची मुलगी दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवायची. तिला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, की आईचा आवाज सापडलाय. आई गेली तेव्हा ती परीक्षेच्या गावी होती. पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आईच्या आवाजाचा एक तुकडासुद्धा तिच्याकडे नव्हता.

"बाबा, मी शनिवारी येते. तोवर वाजवू नका. झिजली तर मला काय उरणार?"

"नाही वाजवत."

आणि नाही वाजवली. चार दिवस कॅसेट टेबलावर होती आणि इन्स्पेक्टर वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. झिजणार तर होतीच. ती मुलीला देऊन टाकली, तर आपण कशाला हो म्हणालो ते कधीच कळणार नाही. आपणच ऐकली, तर मुलीला आई मिळणार नाही. लिफ्टमध्ये जास्तीत जास्त किती माणसं मावतात हे त्यांनी हजार दारांवर लिहिलं होतं. इथे दोनही मावत नव्हती.

शनिवारी मुलगी लॅपटॉप आणि वायर घेऊन आली. एकदाच वाजवायची, वाजताना उतरवून घ्यायची, असं ठरलं. हेडफोन तिने लावले. इन्स्पेक्टर शेजारी बसून डेकच्या छोट्या स्पीकरवर ऐकत होते.

०३१ आलं आणि मुलगी खळखळून हसली. "अय्या, आई! बाबा, आई तशीच बोलतेय!" ०९० ला तिने तोंडावर हात धरला आणि मग ती हात न काढताच रडत होती. इन्स्पेक्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. टाळ्या वाजवायला आता एकच माणूस उरला होता. तो प्रत्येक गाण्यानंतर इमानाने वाजवत होता. बोटात अंगठी.

"बाबा," मुलगी मध्येच म्हणाली, "हा एकट्या ड्रमचाच कार्यक्रम होता का?"

इन्स्पेक्टरांनी कान दिला. गिटार नव्हत्या. गाणारा नव्हता.

२१२. "अहो, एक विचारू? पुढच्या वेळी मी आधी जाऊन..." ड्रम, अगदी हळू. जणू वाजवणाराही आवराआवर करत होता.

मुलीने डोळे पुसले आणि लॅपटॉपवर उतरलेलं लावून पाहिलं. पहिल्या सेकंदालाच खोली दणाणली. आठशे माणसं, लाटच्या लाट. चौघेही जोरात. ०३१ गेलं. ०९० गेलं. मुलीने मागे घेतलं, पुढे नेलं, आवाज वाढवला. इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण इन्स्पेक्टरांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शिंप्याच्या कापडाची सळसळसुद्धा होती. फक्त तिचा एक शब्द नव्हता.

"वायर चुकली असेल माझी," मुलगी म्हणाली. वायर एकच होती.

इन्स्पेक्टरांनी ती गुंडाळून ठेवली. इतकी वर्षं ते सांगत आले होते, की आईवरून मुलीत सगळं उतरतं, फक्त जरा पुसट.

रविवारी दहाच्या गाडीने ती परत निघाली. कॅसेट नेण्याचा आग्रह तिने धरला नाही. दारात बॅग खांद्याला लावता लावता म्हणाली, "मी ऐकलंय बाबा. मला एवढं पुरेल. पण तुम्ही आता लावू नका हं ती. मला नाही आवडलं ते शेवटचं."

"नाही लावत," इन्स्पेक्टर म्हणाले.

चौतीस वर्षांत त्यांनी खोटा शिक्का एकदाही मारला नव्हता. हा पहिला.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते खिडकीत उभे राहिले. मग स्वयंपाकघरात गेले, मंद आचेवर दूध ठेवलं, बाहेर आले, खुर्चीत बसले. अकरा वाजले होते. लख्ख ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. त्यांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, हेडफोन लावले आणि कळ दाबली.

पहिली बाजू रिकामी होती.

पण रिकामी टेप नव्हे. तो फरक त्यांना कळायचा. रिकाम्या टेपची सूं सपाट असते. हिला उंची होती, भिंती होत्या. हा रिकाम्या सभागृहाचा आवाज होता. मोठ्या छताखाली हवा उभी असते तेव्हा येतो तो.

मध्ये एकदा टाळी वाजली. एकच, अंगठीची. मग पावलं, मग लांब एका दाराचा जड अडसर खाली पडला.

इन्स्पेक्टरांनी काउंटरचा आकडा लिहिला: १८८. पुढे लिहिलं, 'शेवटचा माणूस गेला.' अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

त्यांनी बाजू बदलली.

२१२.

"अहो, एक विचारू?"

ड्रम नव्हते. काहीच नव्हतं. ती इतकी जवळ होती, की बोलण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला.

"पुढच्या वेळी मी आधी जाऊन जागा धरून ठेवते. तुम्ही मागाहून या सावकाश. चालेल ना?"

पेन्सिल वहीवर टेकलेली होती. एवढंच? एकोणीस वर्षं छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वागलो, ते एवढ्यासाठी? इन्स्पेक्टरांना हसू आलं. आणि हसता हसता, जुन्या सवयीने, समोर माइक असल्यासारखी, त्यांनी मान हलवली.

हो.

टेपवर जरा वेळ शांतता होती.

"बघा हं," ती म्हणाली. तिच्या आवाजात बरं वाटल्यासारखं होतं. "आता दोनदा हो म्हणालात."

इन्स्पेक्टरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

एक खुर्ची सरकली. मग तिच्या शेजारची दुसरी, लाकडी फरशीवर, खरखरत. कुणी बसलं नाही. तळव्याने धूळ झटकल्यासारखा आवाज तेवढा आला, दोनदा.

टेप संपली. कळ आपोआप वर आली. दोन्ही चाकं थांबली.

इन्स्पेक्टरांनी हेडफोन काढले आणि टेबलावर, उन्हात ठेवले. वहीत २१२ समोर तिचं वाक्य लिहिलं. खाली तारीख घातली.

हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. सभागृहाचा, उंच छताचा. चाकं थांबलेलीच होती.

"आणि अहो," हेडफोनमधून ती म्हणाली, "मघाशी दूध ठेवलंय तुम्ही. निघताना गॅस तेवढा बंद करा."